चिमाची सोनोग्राफी

सोनोग्राफीचं मशीन चाकांवरून गडगडत वॉर्डात आलं, तशा बाकांवरच्या बायकांच्या माना एकदम वळल्या. रत्नागिरीत ते मशीन नवंच होतं, पण ते कशासाठी असतं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. बाई पोटुशी असली की पोटावर फिरवायचं. आणि ते येऊन थांबलं सगुणाच्या चिमाच्या खाटेशी. चिमाचं तर अजून लग्न व्हायचं होतं.

सगुणा उठली, बसली, पुन्हा उठली. दाराशी हौसा उभी होती, पूर्णगडची, चिमाचं ज्याच्याशी जमलं होतं त्या आनंदाची आई. पोरगी हगवण-ओकारीने आडवी झाल्याचं ऐकून शहाळी घेऊन आलेली. मेली नेमकी याच घटकेला आली!

"डॉक्टर, ह्ये मशीन नको. लोक काय म्हणतील? छातीचा फोटो काढा ना."

"एक्स-रे बंद पडलाय, सगुणाबाई," डॉक्टर शेवडे म्हणाले. "हाताच्या शिरा सापडेनात म्हणून मानेतून नळी घातली. ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोचली की भलतीकडे गेली, हे बघितल्याशिवाय उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध सोडता येत नाही. आणि औषधाशिवाय पोरगी टिकायची नाही."

सगुणाने चिमाकडे बघितलं, मग दाराकडे. जमलेलं मोडलं तर पोरीला पुन्हा विचारणार कोण? तिकडे चिमाचे ओठ निळसर पडत चालले होते. सगुणाला स्वतःचीच लाज वाटली. पोरगी हातची चाललीय आणि आपण अब्रू सांभाळत बसलोय!

"करा," ती म्हणाली. मग तरातरा दाराशी गेली आणि हौसाला हाताला धरून खाटेशी घेऊन आली, तिची शहाळी खाटेखाली सरकवली. "व्हनी, तुमीच बगा. तुमच्या डोल्यांनी बगा."

डॉक्टरांनी मशीनचा दांडा चिमाच्या छातीवर टेकवला. करड्या पडद्यावर तिचं काळीज उघडझाप करताना दिसलं. सिस्टरने सिरिंजमधलं सलाइन खळाखळा घुसळून नळीत सोडलं, आणि लगेच काळजाच्या उजव्या कप्प्यात पांढरे बुडबुडे उसळले, तांदूळ धुताना पाणी पांढरं व्हावं तसे.

"बुडबुडे लगेच काळजात आले, म्हणजे नळी बरोबर जागी आहे! सोडा औषध," डॉक्टर म्हणाले.

सगुणाला रडूच फुटलं. तिने पडद्यालाच हात जोडले.

हौसाही टक लावून बघत होती. तिने घसा खाकरला.

"डॉक्टर, मशीन आणलंच हाय तर वाईच पोटावरनं पण फिरवा. म्हणजे आमच्या पण जिवाला घोर नको."

सगुणाने पदराने डोळे कोरडे केले.

"नको, डॉक्टर," ती म्हणाली. खाटेखालची शहाळी ओढून तिने हौसाच्या हातात दिली. "ही घेऊन जावा, हौसाबाय. आणि आनंदासाठी दुसरी पोरगी बगा."

मग ती चिमाच्या उशाशी गेली आणि सकाळपासून पहिल्यांदाच नीट बसली.