वार शुक्रवार

पपांचे श्वास मोजताना मला माझीच भीती वाटायची, कारण मी ते मोजत होते भावासाठी.

आमच्या उमराव घराण्यांत बाप गेला की त्याच क्षणी थोरला मुलगा लॉर्ड होतो आणि लॉर्डला खासदारांच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, बसता येत नाही, लोकांनी निवडून दिलेलं असलं तरी. मुलीच्या वाट्याला पदवी नाही, खुर्ची नाही, घरातल्यांची आजारपणं काढणं तेवढं येतं. माझा भाऊ रॅनल्फ अकरा वर्षं खासदार होता. कपबश्यांच्या कारखान्यांत धुळीनं छाती खराब झालेल्या कामगारांना भरपाई मिळावी म्हणून त्यानं आणलेल्या विधेयकावर शुक्रवारी शेवटचं मतदान होतं. त्याच्याशिवाय ते रेटणारं कुणीच नव्हतं.

मंगळवारी डॉक्टर गर्नी म्हणाले, फार तर दोन दिवस. तेव्हापासून रॅनल्फ तासातासाला फोन करायचा. बुधवारी तो स्वतःच आला आणि पपांच्या उशाशी बसला, पांढराफटक. एखादं इंजेक्शन देऊन शुक्रवार गाठता येईल का, असं त्यानं डॉक्टरांना हळूच विचारलं. पपांनी डोळे उघडले.

"लाजू नकोस रे," ते म्हणाले. "माझा बाप जात होता तेव्हा मीही ह्याच खुर्चीत बसलो होतो. मलाही खासदारकीच वाचवायची होती."

"मग?"

"म्हातारा थांबला नाही. मी थांबतो शुक्रवारपर्यंत. तू जा लंडनला."

त्यानंतर ते झोपेनात. डोळा लागला की संपलं, अशी त्यांनी धास्तीच घेतली होती. माझं मनगट घट्ट धरून सारखं विचारायचे, आज वार कोणता?

शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता त्यांनी पुन्हा विचारलं.

"शुक्रवार, पपा."

"मग झालं," ते म्हणाले आणि मनगट सोडलं.

मतदान अडीचला होतं. तेवढं मी बोलायला हवं होतं.

एक वाजता फोन वाजला.

"कसे आहेत?" रॅनल्फनं विचारलं.

"शांत झोपलेत."

पपांच्या नर्सला मी दारातूनच जेवायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. गरम पाण्याची पिशवी भरून पांघरुणात पपांच्या हातांशी ठेवली, निवल्यावर पुन्हा भरली. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून दाराची कडी चाचपायचे. वडिलांसाठी रडायचं सोडून मी त्यांना गरम ठेवत बसले होते.

पावणेतीनला पुन्हा फोन आला. विधेयक मंजूर झालं होतं.

साडेतीनला डॉक्टर आले. त्यांनी पांघरुणात हात घातला आणि तो बराच वेळ पिशवीवरच ठेवला. गावातले निम्मे खोकणारे कामगार त्यांचेच रोगी होते.

"किती वाजता गेले, हेस्टर?"

"तीनला."

त्यांनी माझ्याकडे न बघता तसं लिहिलं.

संध्याकाळी रॅनल्फ आला. पपांच्या कपाळाला ओठ लावून लहान मुलासारखा रडला.

"शब्द दिला तसे थांबले गं माझ्यासाठी," तो म्हणाला.

"हो, थांबले," मी म्हटलं.

त्याची भीती त्या दिवशी गेली. माझी अजून आहे. फोन वाजला की आजही मी आधी घड्याळाकडे बघते.