टॅपेटची फट

निवृत्त मुख्याध्यापक वसंत पाटणकर यांनी आमलीतील आपल्या अंगणात उघड्या टपाच्या एका जुन्या मोटारीचे इंजिन सुटे करून पुन्हा उभे केले, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली होती: सिल्वासाच्या उत्सव समितीच्या मिरवणुकीत प्रमुख पाहुण्यांना घेऊन ही मोटार स्वतःच्या बळावर चालावी आणि स्टिअरिंगच्या चाकावर आपले हात असावेत.

मोटार निवडण्याचे काम समितीचे चिटणीस अमोल यांच्याकडे होते. मोटारींविषयीचे त्यांचे ज्ञान त्या धुतलेल्या असाव्यात एवढ्यावर संपत असे. तथापि निर्णय देताना ज्ञानाचा अभाव त्यांना कधीच आडवा आला नव्हता.

"सर, ही टकटक कसली?" मोटार पाहायला आलेल्या अमोलरावांनी विचारले.

"टॅपेटची. झडप उचलणारा भाग तो. दोहोंमध्ये जाड कागदाएवढी फट ठेवावी लागते. धातू तापला की वाढतो. फट नसेल तर झडप नीट मिटत नाही आणि इंजिन दम सोडतं."

"ते शास्त्र झालं. पाहुणे गाडीतूनच माइकवर बोलणार आहेत. गाडी थांबली की बोलायचं, हलली की गप्प, असं त्यांना सांगितलंय. त्यात ही टकटक? दादऱ्याच्या एका शेठची नवी जीप आहे. हूं नाही की चूं नाही."

धुळ्याहून कारखान्यात फिटर म्हणून आलेला गोकुळ सरांना सुट्टीच्या दिवशी मदत करी. तो म्हणाला, "सर, आवळून टाकू ना. गिऱ्हाईकले बिनआवाजाचीच गाडी लागते. मी सगळ्यांचे टॅपेट आवळूनच देतो."

"आणि मग?"

"मग ते परत येतात."

सरांनी दोघांशी कडाडून वाद घातला आणि तो जिंकलाही. संध्याकाळी मात्र जीपला झेंडूच्या माळा चढत असल्याची बातमी आली. मिरवणूक अशी असते तरी किती लांब, असा एक अशास्त्रीय प्रश्न स्वतःला विचारून त्यांनी पाना उचलला आणि एकेक फट मिटवली.

उषाताई खिडकीतून पाहत होत्या. "अहो, धातू तापला की वाढतो, हे जन्मभर पोरांना शिकवलंत. आता तुमच्यापुरता नाही वाढणार का?"

दुसऱ्या दिवशी माळा जीपवरून मोटारीवर आल्या, आणि पहिल्या चौकात इंजिन इतके मुके होते की अमोलरावांनी येईल त्याच्याकडून अभिनंदन स्वीकारले. लेझीमच्या पावलांमागे मोटार रांगत राहिली, तापत राहिली, आणि बाजारपेठेत दोन आचके देऊन बंद पडली.

गाडी थांबली होती. पाहुणे बोलू लागले. गावातल्या तलावाच्या सौंदर्यावरून ते तरुण पिढीवर आले, तिथून स्वतःच्या बालपणावर. गाडी हलेना, म्हणून तेही हटेनात.

"ओ मास्तर," भाजीवाल्या केसरबाई ओरडल्या, "गाडी तरी हलवा, नाहीतर त्यांना तरी खाली उतरवा!"

अमोलराव कानाशी लागले. "सर, पोरं बोलावतो. ढकलू."

"हात लावायचा नाही कोणी." सरांनी फेटा काढून सीटवर ठेवला आणि बॉनेट उघडले. "गोकुळ, फिलरची पाती दे."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"चूक घरात केली म्हणून दुरुस्तीही घरातच करायची का?"

इंजिन थोडे निवायला हवे होते. त्याची सोय भाषणाने केली. पाहुणे बालपणातून बाहेर येईपर्यंत सरांनी मापाची पाती सरकवत प्रत्येक फट पुन्हा मोकळी केली. गोकुळने हँडल मारले. इंजिन धडधडून जिवंत झाले आणि त्याची टकटक माइकमधून साऱ्या बाजारभर पसरली. त्या दिवशीच्या पहिल्या मनापासूनच्या टाळ्या तिला मिळाल्या.

मोटार हलली. पाहुणे शिस्तीचे, "राष्ट्राचे भवितव्य" एवढे म्हणून गप्प झाले.

अमोलराव शेजारून धावू लागले. "सर, पुढच्या चौकात थांबा! समारोप राहिलाय!"

"थांबलो तर ती पुन्हा तापेल," सर म्हणाले, आणि भोंगा वाजवत, लेझीमवाल्यांना बाजूला सारत, पुढचा चौक न थांबता ओलांडून गेले.