भिंगातली नऊ चित्रं

खारूची आई ज्या ऑफिसात कामाला होती, तिथे शाळकरी मुलांसाठी एक साधन तयार होत होतं. त्याला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. टॅबलेटचा कॅमेरा पानावर, किड्यावर नाहीतर पुस्तकातल्या आकृतीवर धरायचा, की भिंग तिच्याशी मिळतीजुळती नऊ चित्रं पडद्यावर मांडणार. त्यातलं आपलं चित्र ओळखून बोट लावलं, की त्याचा धडा उघडणार. ज्या गोष्टीचं नावच माहीत नाही ती शोधायची कशी, या अडचणीवरचा हा तोडगा होता. कमी दिसणाऱ्या मुलांनाही भिंग वापरता यावं, हे बघणं आईचं काम होतं.

हे काम तिनं मागून घेतलं होतं. खारू तिची एकुलती एक, आता आठवीत, आणि दुसरीत असल्यापासून तिची नजर उतरत चाललेली. डॉक्टर म्हणाले होते, जाणार हे नक्की, कधी ते सांगता येत नाही. माणसाला असं सांगितलं की तो ‘नक्की’ विसरतो आणि ‘सांगता येत नाही’ तेवढं पदराला बांधून घरी आणतो. आईनंही तेच केलं. खारूला किड्या-मुंग्यांचं वेड, मोठेपणी विज्ञानच शिकायचं म्हणून ती लहानपणापासून हटून बसलेली. आणि आई तर डिझायनर. ती कडा जाड करू शकत होती, काळ्यावर पिवळं आणि पिवळ्यावर काळं करू शकत होती. नजर एक पाऊल मागे सरली की आपण चित्र एक पाऊल पुढे आणायचं, एवढं साधं गणित तिनं मांडलं होतं.

दर रविवारी सकाळी, डोकं धुऊन झालं की, जेवणाच्या टेबलावर चाचणी व्हायची. घरात दोघीच. खारूच्या हातात टॅबलेट, समोर वही घेऊन आई. “पानाचं श्वास घेण्याचं छिद्र शोध,” आई म्हणायची. खारू मान तिरकी करून बघायची, टॅबलेट नाकाजवळ न्यायची, लांब धरायची, आणि बोट लावायची. बरोबर.

“आता मुंगीचा पाय.” बरोबर.

“मागच्या वेळेपेक्षा कसं वाटतंय?”

“बरंय. ठळक वाटतंय.”

मग आई जी हसायची, ते हसू सबंध आठवड्यात परत दिसायचं नाही. त्या दिवशी स्वयंपाकही हौसेनं व्हायचा.

चित्रं मात्र नेहमी तीच नऊ, आणि त्याच जागी. याला कारण होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रंग तर रंग, कडा तर कडा, म्हणजे गुण कशानं वाढले ते कळतं. तिच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि तो ती इमानानं पाळत होती. ऑफिसात चाचणी विभागाचे एक मास्तर होते. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. तिचे आकडे ऐकून ते एकदा म्हणाले, “ताई, एखाद्या रविवारी क्रम फिरवून बघा.”

“मग सुधारणा रंगामुळे की नशिबामुळे, हे कळणार कसं?”

“आणि भिंगाला वाचा कधी देणार? चित्रात काय आहे ते त्यानं बोलून सांगायला हवं. चित्र सांगता येतं हो, कुणी बसून नीट सांगितलं तर.”

हा विषय मास्तरांनी आधीही काढला होता. मीटिंगमध्ये आईनंच तो बाजूला सारला होता. वेळ थोडा, माणसं थोडी. आधी कमी दिसणाऱ्यांचं पुरं करू, अजिबात न दिसणाऱ्यांचं नंतर बघू, असं ती बोलून गेली होती, तेही मास्तरांच्या समोर. बाई वाईट नव्हती. पण आपलं पोर आपल्याच घोळक्यात बसलेलं आहे, अशी खात्री असली की माणूस दुसऱ्या घोळक्याला खुशाल ‘नंतर’ म्हणतो. मास्तरांनी चहा संपवला आणि कामाला लागले.

त्या रविवारी आईनं नवी आवृत्ती आणली होती. कडा दुप्पट जाड, पिवळा असा की उन्हातही उठून दिसावा. महिनाभर खपून केलेलं काम. शाळांकडे पाठवायच्या आधीची ही शेवटची चाचणी होती. तिनं टॅबलेट चालू करून खारूच्या हातात दिला, दूध उतू जाताना ऐकून स्वयंपाकघरात धावली, आणि हात पुसत परत येऊन समोर बसली.

नऊच्या नऊ बरोबर. भिंगानं नऊ वेळा टिंग केलं.

“कसं वाटतंय?”

“एकदम भारी,” खारू म्हणाली. “पिवळा तर काय मस्त आहे, आई. आधी कधीच इतका नव्हता.”

आई कौतुकानं उठली, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे आली, आणि तिनं पडद्याकडे बघितलं.

पडदा काळा होता. नऊ रिकाम्या चौकटींच्या बारीक रेघा तेवढ्या होत्या. चित्रं आलीच नव्हती.

आधी तिला राग आला, आणि तोही ऑफिसातल्या पोरांचा. एक काम धड करत नाहीत. मग वाटलं, आत्ताच गेली असतील. माणूस बुडताना काडीला धरतो, तशी तिनं ही काडी धरली.

“खारू, फुलपाखराचा पंख परत एकदा दाखव गं.”

खारूनं डावा अंगठा टॅबलेटच्या कोपऱ्यावर टेकवला, वीत ताणली, आणि मधलं बोट नेमकं खालच्या रांगेतल्या काळ्या चौकटीवर ठेवलं. टिंग झालं. इतक्या रविवारी ती वीत आईच्या समोर ताणली गेली होती. समोर बसून ती फक्त गुण लिहीत होती.

“हा,” खारू म्हणाली. “कडा छान जाड झाल्यात.”

आई शेजारच्या खुर्चीवर बसली.

“चित्रं आली नाहीत आज,” ती म्हणाली.

खारूचा हात हळूच मांडीवर गेला. “एकपण नाही?”

“एकपण नाही.”

“म्हणजे नापास.” तिनं हसून बघितलं, पण ते जमलं नाही.

“कधीपासून?”

“वार्षिक परीक्षेनंतर. आधी कडा दिसायच्या. मग खिडकी कुठे आहे तेवढंच. आता तेही ऊन असलं तर.”

“आणि मला सांगायचं नाहीस? मी कोण तुझी?”

“सांगितलं असतं तर तू अजून मोठं केलं असतंस.” खारूचा आवाज कापायला लागला होता. “नऊची चार केली असतीस. चाराचं एक. किती मोठं करणार होतीस गं? आणि ते एकही मला दिसलं नसतं तर काय केलं असतंस?”

मुलीला आईपासून काही लपवायचं नव्हतं, तिला आईला वाचवायचं होतं. आठवीतल्या पोरीनं हा भार एकटीनं वाहिला होता, आणि वर दर रविवारी रंगाचं कौतुकही केलं होतं.

“मला वाटलं, तुझं काम तरी पुरं होऊ दे,” खारू म्हणाली. टॅबलेट बाजूला सरकवून तिनं विचारलं, “मग आता माझ्यासारख्यांनी भिंग कसं वापरायचं? त्याची सोय कुठे असते त्यात?”

खोटं बोलणं सोपं होतं. आजवर या टेबलावर दोघीही त्यात तरबेज झाल्या होत्या.

“त्याचं काही केलेलं नाही,” आई म्हणाली. “ते नंतर बघू, असं ठरलं होतं.”

“कुणी ठरवलं?”

“मी.”

खारू रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली, दुकानात हवी ती वस्तू संपली म्हटल्यावर हलवतात तशी, आणि तेच आईच्या काळजाला घरं पाडून गेलं.

“पानाचं छिद्र कसं असतं?” खारूनं विचारलं. “कडा दिसायच्या तेव्हाही ते मला कधी नीट कळलं नाही. पहिल्या रांगेत शेवटचं, एवढंच माहितीय.”

आजवर रडू आलं की आई न्हाणीघरात जायची, नळ सोडायची, आणि तोंड धुऊन बाहेर यायची, खारूला दिसू नये म्हणून. आज ती न्हाणीघरात गेली नाही. खुर्ची ओढून मुलीच्या अगदी समोर बसली. डोळे वाहू दिले, तोंड झाकलं नाही, गालही पुसले नाहीत. खारूचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता, आणि त्यावर काहीच बदललं नाही. डॉक्टरांचं ‘नक्की’ आईनं मान्य केलं ते तेव्हा.

आवाज तेवढा तिनं सांभाळला.

“राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेव,” ती म्हणाली. “टोकांना जोडलेले. मध्ये फट. पानाला पाणी मिळालं की ते फुगतात आणि फट उघडते.”

खारूनं दोन बोटं वाकवून टोकाला टोक लावलं. “अशी?”

“अशी,” आई म्हणाली.