पाचशेच्या वर बोली नाही

चौतीस वर्षांच्या नोकरीत मरियमबाईंनी कुणाचा नारळसुद्धा घेतला नव्हता. श्रीरामपूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्या सरकारी नर्स होत्या. बाळंतीण मोकळी झाली, की घरचे पेढ्यांचा पुडा पुढे करायचे. बाई एक पेढा उचलून पुडा परत द्यायच्या. कुणी साडी-चोळी आणली तर, "ही तुझ्या सासूला दे, रात्रभर पाणी तिनं तापवलं," म्हणून लुनाला किक मारायच्या. नाकावर माशी बसू न देणारी बाई. ती निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत दारोदार हिंडून पैसे मागायला लागली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली यात नवल नाही.

कारण तसंच होतं. मरियमबाईंना एक वर्ष आफ्रिकेला जायचं होतं. मलावी नावाच्या देशात खेड्यातल्या मुलींना बाळंतपण करायला शिकवायचं, आणि तेही बिनपगारी. सुनेनं, एंजेलानं, एकदा सहज मोबाईलवर ती जाहिरात वाचून दाखवली आणि बाईंनी पोळी लाटता लाटता सांगितलं, "माझं नाव टाक." एंजेलाला वाटलं, गंमत करतात. पण चौतीस वर्षांत बाईंनी गंमत केल्याची कुठं नोंद नव्हती.

संस्थेनं मुलाखत घेतली, निवड केली आणि अट घातली. निम्मा खर्च संस्थेचा. उरलेले सव्वा लाख तुम्ही उभे करायचे, पण स्वतःच्या खिशातून नव्हे. घराबाहेरच्या कमीत कमी शंभर माणसांकडून गोळा करायचे आणि त्यांची नावं पाठवायची. शंभर माणसं ज्याच्या पाठीशी उभी राहतात तो मधेच काम टाकून पळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंना ते पटलं. मुलाला, जोएलला, मात्र बिलकूल पटलं नाही.

जोएल पतसंस्थेत नोकरीला, गावात मान असलेला माणूस. "आई, लोक काय म्हणतील? नवरा गेल्यावर पोरगा बघत नाही, म्हणून म्हातारी दारोदार हात पसरते, असं म्हणतील."

"मी हात पसरत नाही. तेव्हा देत होते ते घेतलं नव्हतं, ते आता घेते."

"आणि घरी पोरगी आहे दोन वर्षांची. तिला कोण बघणार?"

"तिचे आईबाप. दोघं धडधाकट आहेत."

यावर जोएल उठून बाहेर गेला. तो वाईट मुलगा नव्हता, हे इथंच सांगून टाकतो. आईवर त्याचा जीव होता. पण जीव असला म्हणजे माणूस दुसऱ्याची वाट अडवत नाही असं थोडंच आहे? उलट तोच जास्त अडवतो.

मरियमबाईंची मागायची रीत बघण्यासारखी होती. अंगणात जायचं, खाटेवर बसायचं नाही. "कुठंय तुझा थोरला? पायाळू होता, पावणेतीन किलो. तेव्हा साडी देत होतीस, मी घेतली नव्हती. आता पाचशे रुपये दे, मला आफ्रिकेला जायचंय." एवढं बोलून वही उघडायची. ना विनवणी, ना डोळ्यांत पाणी. बायका हसत हसत डब्यातल्या नोटा काढून आणायच्या. एखादा जमीनदार दहा हजार काढून द्यायचा आणि फोटो काढू म्हणायचा. बाई पैसे घ्यायच्या, फोटो नाकारायच्या.

तयारीही जोरात चालली होती. पासपोर्ट आला. पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, आणि टोचणाऱ्या मुलीला सुई कशी धरावी ते शिकवून आल्या. रोज सकाळी नवे बूट घालून कॅनॉलच्या कडेनं पाच किलोमीटर चालायच्या. तिकडच्या भाषेतले चार शब्द पाठ केले होते: पाणी, थांब, दुखतंय, जोर लाव. बाळंतपणाला याहून जास्त भाषा लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

दिवाळी झाली आणि एकाएकी देणारे आटले. ज्या घरात जावं तिथं, "बघू बाई, पुढच्या महिन्यात." डोळ्याला डोळा न देता. वहीत त्रेसष्ट नावं झाली होती. सव्वा लाख तर पुरे झाले होते, वर चार हजार होते. पैसे जमले होते, माणसं कमी पडत होती. आणि यादी सोमवारपर्यंत पाठवायची होती.

कोडं सोडवलं कडूबाईंनी. कडूबाई म्हणजे नर्सबाईंच्या हातची पहिली बाळंतीण, शेजारच्या वस्तीवरची, जिभेला हाड नसलेली. शुक्रवारी बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या जोएलनं घरोघर फोन लावलेत. आईचं मनावर घेऊ नका, पैसं देऊ नका, तिची तब्येत बरी न्हाई म्हनतोय."

मरियमबाई भाजीच्या ढिगासमोर तशाच उभ्या राहिल्या. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. परक्यानं केलं असतं तर त्याला तिथंच सरळ केला असता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. अख्ख्या तालुक्याची पोरं या हातांनी जगात आणली आणि आपल्याच पोरानं आपल्याला आजारी ठरवावं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?" कडूबाई म्हणाल्या. "रईवारी तुमच्या चर्चात सन हाय ना? आमी येतो."

रविवारी कापणीचा सण होता. त्या दिवशी चर्चची मंडळी शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवाला आणते. ज्वारीची कणसं, ऊस, अंडी, कोंबड्या, पेरू, सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की लिलाव होतो. तीस रुपयांचा नारळ हजाराला जातो. घेणारा पुष्कळदा वस्तू परत देतो, की ती पुन्हा लिलावाला. जोवर हात वर होतो तोवर पुकारणाऱ्यानं थांबायचं नाही, हा जुना रिवाज. दर वर्षी एक वस्तू कुणाच्या तरी गरजेसाठी काढतात, आणि यंदा चर्चच्या पाळकसाहेबांनी ती मरियमबाईंना दिली होती. बाईंनी परसातल्या वेलाचं डांगर आणलं होतं, चांगला आठ किलोचा लाल भोपळा. आणि दर वर्षी लिलाव पुकारायचा तो जोएल. त्याच्यासारखा आवाज मंडळीत दुसऱ्याचा नव्हता.

सकाळी निघताना तो म्हणाला, "आई, तुझ्या डांगराची काळजी करू नकोस. अमृतरावांशी बोललोय. पंचवीस हजाराला घेणार आहेत, एका बोलीत."

अमृतराव मंडळीचे पंच, बांधकामाचे ठेकेदार.

"म्हणजे एकच माणूस झाला," बाई म्हणाल्या.

"पण मान केवढा राहतो."

"अट तू वाचली आहेस ना रे?"

जोएल बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेलीच नाडी परत बांधत होता. पंचवीस हजारांच्या खाली आपली उरलेली छत्तीस माणसं पुरायचा बेत आहे, हे बाईंना तेव्हा स्वच्छ कळलं.

उपासना झाली. चर्चच्या पटांगणात मांडवाखाली लिलाव सुरू झाला. मागच्या बाजूला एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून कडूबाई उतरल्या. मागोमाग बायकाच बायका, डोक्यावर पदर, काखेत नातवंडं. मंडळीतल्या लोकांनी सरकून जागा दिली.

अंडी झाली, कोंबड्या झाल्या. मग जोएलनं कॉर्डलेस माईक एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं डांगर टेबलावर ओढलं. "आता एक खास वस्तू. बोला."

"पंचवीस हजार," अमृतराव उभे राहून म्हणाले. टाळ्या पडल्या.

"पंचवीस हजार एकवार. पंचवीस हजार दोनवार."

"थांब," मरियमबाई उठल्या. "डांगर माझं आहे. पाचशेच्या वर बोली घ्यायची नाही."

लिलावात बोली वाढवतात. बोलीला झाकण घालणारी बाई कुणी पाहिली नव्हती.

"आई, खाली बस," जोएल म्हणाला. ते माईकमधून सगळ्यांनी ऐकलं.

"बसणार नाही. मला पैसे नकोत, माणसं हवीत. मला शंभर नावं लागतात, वहीत त्रेसष्ट आहेत. माझी तब्येत ठणठणीत आहे, कुणाला शंका असेल तर कॅनॉलच्या कडेनं माझ्याबरोबर चालून दाखवा. अमृतराव, तुमच्या पंचवीस हजारांबद्दल आभार. पाचशे द्या आणि डांगर परत द्या."

अमृतरावांचा चेहरा पडला. माणूस मानाचा भुकेला होता, पण मनानं हलका नव्हता. शिवाय पाळकसाहेब बघत होते. त्यांनी पाकीट काढलं. "पाचशे," ते म्हणाले. "परत लिलावाला."

"माजे बी पाचशे," मागून कडूबाईंसोबत आलेली एक बाई ओरडली. "दोन पोरं हायेत बाईंच्या हातची. परत लिलावाला."

आता जोएलची गोची झाली. हात वर होता, रिवाज रिवाज होता. त्याला पुकारावंच लागलं. पाचशे एकवार, दोनवार, तीनवार, आणि मग नाव. एकामागून एक. मंडळीतल्या ज्यांना त्यानं स्वतः फोन करून नको म्हटलं होतं, तेही खाली मान घालून हात वर करू लागले, आणि त्यांची नावं त्यालाच मोठ्यानं घ्यावी लागली. एका म्हातारीजवळ शंभरच होते. बाई म्हणाल्या, "चालतील, पाचशेच्या वर नको एवढंच माझं म्हणणं." डांगर टेबलावरून उचललं जायचं आणि परत यायचं. बाई वहीत लिहीत होत्या. टेम्पोतल्या बावीस, मंडळीतले चौदा. नव्याण्णव.

मग कुणाचा हात वर होईना. कडूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. जे होते त्या सगळ्यांची नावं वहीत होती, नाहीतर ती लेकरं होती.

"नव्याण्णव झाले," मरियमबाई म्हणाल्या.

जोएलला घाम फुटला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. तो डांगराकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पाचशे. मी घेतो."

मांडवात कुणीतरी "आमेन" म्हटलं. एंजेलानं डोळ्याला पदर लावला. सगळ्यांना वाटलं झालं, मिटलं.

"घरचं चालत नाही," बाई म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे. पुकार."

"आता कुणाला पुकारू, आई? कुणी राहिलं नाही."

"मला मागता आलं. तूही मागून बघ."

जोएलनं आईकडे पाहिलं. मग त्यानं डांगर काखेत मारलं आणि तो मांडवातून तरातरा फाटकाबाहेर गेला. माईक हातातच होता, चालूच होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर कारखान्याकडे निघाला होता. जोएल त्याला आडवा उभा राहिला, आणि पुढचं सगळं मांडवातल्या कर्ण्यांतून ऐकू आलं.

"दादा, एक मिनिट."

"सरका हो बाजूला. कारखान्याच्या काट्यावर नंबर जाईल माझा."

"हे डांगर घ्या. पाच रुपये द्या, दहा द्या, काय असेल ते द्या. तुमचं नाव पाहिजे."

"नाव कशापायी?"

इंजिनाच्या धडधडीवर जोएलनं आवाज चढवला.

"आईला आफ्रिकेला जायचंय. एक वर्ष. तिथल्या पोरींना बाळंतपण शिकवायला. शंभर माणसांनी हातभार लावला तरच जाता येतं, एक कमी पडलाय."

"आता या वयात? का, पोरगं बगत न्हाई व्हय तिचं?"

मांडवातली दीडशे माणसं कर्ण्यांकडे बघू लागली. मरियमबाईंची लेखणी वहीवर टेकलेली होती. ज्या एका वाक्याला हा मुलगा सहा महिने भीत होता, ते वाक्य भर रस्त्यात, कर्ण्यावरून, साऱ्या मंडळीपुढे त्याच्या तोंडावर आलं होतं.

"बघतो की," कर्ण्यातून जोएलचा आवाज आला. "मीच तो पोरगा. मी तिला अडवत होतो. पण तिला जायचंय, म्हणून मागतोय."

"असं म्हना की. हे घ्या वीस. मच्छिंद्र म्हनत्यात मला, पाथर्डीचा. आन् डांगर द्या हिकडं, आमच्या ऊसतोड्यांच्या कोपीवर कालवन हुईल."

"हो. ते परत नकोच."

ट्रॅक्टर पुढे गेला. मरियमबाईंनी शंभरावं नाव लिहिलं: मच्छिंद्र, पाथर्डी, वीस रुपये. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. जोएल रिकाम्या हातानं मांडवात आला, आईपुढे उभा राहिला आणि विसाची नोट वहीवर ठेवली.

"यादी उद्यावर टाकायची नाही," बाईंनी वही मिटून त्याच्या हातात दिली. "आजच पाठव. आणि तूच पाठव."