बॉनेटवरची परात

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. नाक मुरडू नका. परात म्हटलं की तुम्हाला वाटतं, हिला काय सांगण्यासारखं असणार? पीठ आलं, पाणी आलं, गोळा झाला, संपलं. पण मी स्वयंपाकघरात थोडी आणि शर्यतीच्या ट्रॅकवर जास्त जगले आहे. धावत्या गाडीच्या नाकावर बसून मी भल्याभल्या मिशीवाल्यांना रडकुंडीला आणलं आहे. तुमच्या घरातल्या किती भांड्यांना असं सांगता येईल?

माझा जन्म पत्र्याच्या एका गोल तुकड्यातून झाला. कारखान्यातल्या यंत्रानं मला दाबून आकार दिला. मग एका कारागिरानं माझा काठ बाहेरून वळवून घेतला आणि त्यावरून बोट फिरवून पाहिलं. माझ्या काठानं आजवर कोणाचं बोट कापलेलं नाही. जिभेचं म्हणाल तर ती वेगळी गोष्ट.

दुकानात एका बाईनं मला उचललं, नखानं टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि घरी नेलं. तिच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हेत. ट्रॅकवर गाडी कशी वळवायची हे ते शिकवत. सरळ रस्त्यावर गाडी पळवायला काय लागतं? पाय जड असला की झालं. माणसाची पारख वळणावर होते.

बाई रोज माझ्यात पीठ मळायची. डाव्या हातानं मला फिरवायची, उजव्या मुठीनं दाबायची. तिच्या हाताला धक्का म्हणून ठाऊक नव्हता. मास्तर दिवसभर शिकाऊ लोकांचे झटके खाऊन यायचे आणि मान चोळत चहा पीत बसायचे. एकदा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"एवढी भरलेली परात फिरवतेस, सांडत कसं नाही गं?"

"कारण पुसायचं मला असतं," बाई म्हणाली.

मास्तरांचा कप हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते मला काखेत मारून दाराबाहेर निघाले.

"अहो, परात कुठं निघाली?"

"ट्रॅकवर. जरा काम आहे."

"आणि पीठ तुमच्या हेल्मेटमध्ये मळू का?"

"नवी आणतो ना."

"आणाल हो! माझ्या परातीआधी तुमच्या गाडीला नवी चाकं येतील."

तसंच झालं. आधी चाकंच आली.

ट्रॅकच्या कडेला गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीनं माझ्या बुडाला भोकं पाडली आणि जुन्या शिकवायच्या गाडीच्या बॉनेटवर मला बोल्टनं घट्ट आवळलं. भोक पडलेली परात पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही, मित्रांनो. माझं माहेर त्या दिवशी तुटलं. रडू आलं, पण भांड्याच्या रडण्याला आवाज म्हणतात, रडणं म्हणत नाहीत.

मग मास्तरांनी माझ्यात एक रबरी चेंडू ठेवला. नियम सोपा होता. गाडी वळवताना चेंडू बाहेर पडला की गाडी थांबवायची. शिकणाऱ्यानं स्वतः उतरायचं, धावत जाऊन चेंडू आणायचा, माझ्यात ठेवायचा आणि पुन्हा निघायचं. पुसायचं ज्याला असतं तोच सांडत नाही, हे मास्तर बायकोकडून शिकले होते. फक्त तिला तसं कधी म्हणाले नाहीत. म्हणण्याच्या बाबतीत ते पहिल्यापासून कंजूष.

शिकवण्यात मात्र त्यांच्यासारखे तेच. शेजारच्या सीटवर बसून सांगायचे, "ब्रेक वळणाच्या आधी लावा, गाडी सरळ असतानाच. आणि ब्रेक म्हणजे झुरळ नव्हे चिरडायला. आधी पाय टेकवा, मग दाबा. सोडताना झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतो तसा पाय काढा. आता स्टिअरिंग. अहो, पिळताय काय? ओलं कापड आहे का ते? एकदाच वळवा आणि धरून ठेवा. वळणाच्या आतल्या काठाला गाडी लागली की स्टिअरिंग सैल होऊ द्या. जेवढं ते सैल होईल तेवढाच अ‍ॅक्सिलेटर द्या. घाबरून मध्येच पाय उचललात तर गाडीचं मागचं अंग हलकं होतं आणि ती गर्रकन फिरते."

पहिल्या दिवशी सगळे चेंडूमागे धावत. एक मोठा दुकानदार चेंडू शोधत काटेरी झुडपात शिरला आणि पँट फाडून बाहेर आला. मी मनातल्या मनात हसले. पण हळूहळू त्यांचे हातपाय मऊ होत. चेंडू माझ्या पोटात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पाण्यासारखा सरकायचा आणि पडायचा नाही. तेव्हा मास्तर पाना घेऊन येत आणि मला बॉनेटवरून उतरवत. ट्रॅकवर 'अमक्याची परात उतरली' म्हटलं की लोक टाळ्या वाजवत.

मला का उतरवत, ते नीट ऐका. शेवटचा धडा नजरेचा असतो. गाडीच्या नाकावर बघायचं नसतं, वळण जिथं संपतं तिथं बघायचं असतं, कारण गाडी नजरेच्या मागे जाते. मी समोर असले की डोळे माझ्याकडेच येतात. म्हणून आधी परात उतरायची आणि मग नजर वर उचलायची. हे मास्तरांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आता त्यांच्या लेकीचं सांगते. तिला घरात आणि ट्रॅकवर भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. मोठी झाली तशी मास्तर तिला माझ्यासमोर आणून बसवू लागले. पहिल्याच दिवशी तिनं चेंडू असा उडवला की तो गॅरेजच्या छपरावर गेला. मिस्त्री शिडी लावायला धावला, तर मास्तर म्हणाले, "तिलाच चढू दे."

पोर चढली. रोज धावली, रोज चढली. तिचं डोकं गरम, पण हात आईचे होते. एका पावसाळ्यानंतर चेंडू पडायचा थांबला. त्या दिवशी ती गाडीतून उडी मारून बापाकडे धावत आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे नुसते चमकत होते.

"बाबा, पाहिलंत? एकदाही पडला नाही!"

मास्तर वाकले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पडला नाही. पण हलला."

मित्रांनो, दुसऱ्या कोणाचा चेंडू पडला नाही की मी उतरत असे. लेकीचा मात्र हलतासुद्धा कामा नये! मी बॉनेटवरच राहिले. लोक आले, शिकले, त्यांच्यासाठी मी उतरले आणि भिंगरीची पाळी आली की पुन्हा चढले. असं वर्षानुवर्षं चाललं. चालवताना तिची मान पुढे वाकायला लागली. बिचारीचे डोळे सारखे माझ्यावर.

मिस्त्रीला दिसत होतं. तो म्हणाला, "मास्तर, पोरीची परात उतरवा आता. मान बघा तिची."

"अजून चेंडू हलतो," मास्तर म्हणाले.

ही गोष्ट घरी बाईच्या कानावर गेली तेव्हा ती डबा द्यायच्या निमित्तानं गॅरेजमध्ये आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चेंडू आहे तो, हलणारच. हलायला नको असेल तर दगड ठेवा. आणि पोरीला एकदा 'वा' म्हणा. जीभ झिजते का?"

"म्हणेन ना," मास्तर म्हणाले. "तिची निवड झाली की म्हणेन. आत्ता म्हटलं तर डोक्यात हवा जाईल."

शर्यतीच्या एका संघात एक जागा रिकामी झाली होती आणि त्यांचे साहेब आमच्याच ट्रॅकवर चालक पारखायला येणार होते. भिंगरीला ती जागा हवी होती, खरं आहे. पण मी तिच्या समोर बसून इतकी वर्षं तिचं तोंड पाहिलं आहे. जागा तिला त्या एका 'वा'साठी हवी होती. बापानं 'वा'ची किंमत ती जागा ठरवली, म्हणून ती जागेमागे लागली.

तो दिवस आला. संघाची गाडी नवी, चकचकीत. तिच्या बॉनेटवर धूळसुद्धा नव्हती, परात कुठली असणार? मास्तरांनी आमची जुनी गाडी लांब वळणाच्या कुंपणाशी लावली आणि तिला टेकून उभे राहिले. शेजारी मिस्त्री होता. त्यामुळे मी जे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सुरुवातीच्या फेऱ्या तिनं अशा मारल्या की मिस्त्री बोलायचा थांबला. ब्रेक कधी लागला आणि कधी सुटला, कळत नव्हतं. लहान वळणांना गाडी लोण्यासारखी वळायची. मास्तरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. पण ती दूर होती, आणि ते पुन्हा मिटले.

मग साहेबांनी हातवारे केले, की आता पूर्ण वेगानं. ती लांब वळणाकडे आली. हे वळण आंधळं, पुढचं टोक उशिरा दिसणारं. हात बरोबर, पाय बरोबर. आणि ऐन शिरताना तिचं डोकं खाली गेलं. पापणी लवावी इतकंच. वर पाहिलं तोवर वळण पुढे निघून गेलं होतं. गाडी सरळ बाहेर गेली, खडीत रुतली आणि धूळ आमच्यावर आली.

तिला लागलं नाही. मास्तर कुंपण ओलांडून धावले. साहेबही आले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "मुली, हात तुझे सोन्याचे आहेत. पण नजर कुठं असते तुझी? इतक्या जवळ बघणाऱ्याला मी एवढ्या वेगाच्या गाडीत बसवू शकत नाही."

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "काय झालं? खाली काय बघितलंस?"

भिंगरी हेल्मेट हातात घेऊन खडीत उभी होती. ती रडत नव्हती, हेच वाईट होतं.

"परात, बाबा," ती म्हणाली. "मी परात बघायला गेले. परात नव्हती."

संध्याकाळी मास्तरांनी पाना घेतला आणि माझे बोल्ट काढायला लागले. रोजचे बोल्ट, पण त्यांना निघेनात. शेवटी मिस्त्रीनं काढले.

काही म्हणतील, परातीनं पोरीचा घात केला. मी ऐकून घेणार नाही. मी माझं काम चोख केलं. मला वेळेवर उतरवणं हे माझ्या हातात नव्हतं, मला हातच नाहीत. ज्यांना होते त्यांना विचारा. पण दुःख कोणाच्या चुकीला विचारून येत नाही. ते मलाही झालं.

भिंगरी ट्रॅकवर पुन्हा आली नाही. दुसऱ्या गावी जाऊन दुधाचा टँकर चालवायला लागली. मी गॅरेजच्या खिडकीत पडून राहिले. मिस्त्री माझ्यात नट-बोल्ट टाकतो. बारीक नट भोकांतून खाली सांडतात आणि तो मलाच शिव्या देतो. मास्तर अजून शिकवतात, पण परात लावत नाहीत. आणि एक नवीनच खोड त्यांना लागली आहे. ते सगळ्यांना 'वा' म्हणतात. गाडी नीट वळली तरी वा, खडीत रुतली तरी वा. शिकणारे मागे हसतात. लेक फोन करते तेव्हा मात्र ते तिकडे पाऊस आहे का एवढंच विचारतात आणि फोन बायकोच्या हातात देतात.

परवा दुपारी गॅरेजसमोर टँकर उभा राहिला. भिंगरी उतरली. पलीकडच्या शहरात दूध पोचवायचं होतं, वाटेत आईला भेटायला थांबली होती. डबा घेऊन आलेल्या बाईनं तिला खिडकीशीच स्टुलावर बसवून खायला घातलं. पोरीची मान सरळ झाली होती. मास्तर हात पुसत समोर उभे राहिले.

"वळणावर दूध त्रास देतं का गं?" त्यांनी विचारलं.

"देतं. आपण वळलो तरी ते सरळच जायला बघतं. झटका दिला तर टँकर आडवा."

"मग काय करतेस?"

"लांब बघते, बाबा. आधीपासून."

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. भीतीनं," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

मास्तरांनी घसा खाकरला. बाईनं भांडी आवरायची थांबवली. मिस्त्री गाडीखाली होता, तोही स्तब्ध झाला. मीसुद्धा कान टवकारले. आणि मास्तर म्हणाले, "टायरमध्ये हवा नीट आहे ना? बघून घे."

"बघितली आहे," भिंगरी म्हणाली. ती आईच्या गळ्यात पडली, बापाला वाकून नमस्कार केला आणि टँकरवर चढली.

रस्त्याच्या टोकाला काटकोनात वळण आहे. टँकर भरलेला होता. वळणाच्या बराच आधी वेग उतरला, इतका हळू की ब्रेकचा आवाज आला नाही. उघड्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं. आधी तिची मान वळली, वळणाच्या पार पलीकडे, आणि मग चाकं वळली. एवढं मोठं धूड, पण कुठंही हिसका नाही. भिंतीआड गेलं तेव्हा जणू कोणी ते हातानं सरकवून ठेवलं होतं.

"वा," मास्तर म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले. "वा, पोरी."

"ऐकू गेलं नाही तिला," बाई म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मित्रांनो, आम्हा भांड्यांची काळजी घ्या असं मी सांगणार नाही. आम्हाला पोचे पडले तरी चालतं. माणसांना पोचा पडला की तो बाहेरून दिसत नाही. कोणाला आधार लावलात तर तो वेळेवर काढून घ्या. आणि कौतुक गरम असताना वाढा, शिळं झालं की ते वाढणाऱ्याच्याच ताटात पडून राहतं. तुमचं असं कोणी अजून दाराच्या आत असेल, तर आत्ता उठा आणि जाऊन म्हणा. एका परातीपाशी काय बसून राहिलात?