वृद्धाश्रमाचे उंच पलंग

या, बसा असे. घाईत असाल तरी बसा. तुम्हाला वेल्डरबाईची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, पण मधेच उठायचं नाही.

दवाखान्याचे लोखंडी पलंग बनवणारा कारखाना. तिथं ही बाई बावीस वर्षं वेल्डिंग करते. हात सोन्याचा, तोंड मात्र फटकळ. गेल्या साली कंपनीनं ठरवलं, काहीतरी दानधर्म करायचा. साहेबांनी विचारलं, कुणाला द्यायचं? हीच पुढं झाली. म्हणाली, "माझ्या घरामागं वृद्धाश्रम आहे. आज्या जमिनीवर झोपतात. सोळा पलंग द्या."

दिले. हार, भाषण, फोटो, सगळं साग्रसंगीत झालं. महिनाभर बाई हवेत होती.

मग एका दुपारी सहज डोकावली. बघते तर पलंगांवर बोचकी आणि आज्या खाली चटईवर. एकीचा हात गळ्यात बांधलेला.

"हे काय, आजी?"

"काही नाही गं. उतरताना जरा घसरले."

"जरा?" शेजारची आजी म्हणाली. हिचा सगळा जन्म शिवणकामात गेलेला, म्हणून सगळे तिला शिवणआजी म्हणायचे. "अशी आपटली, मला वाटलं कपाटच पडलं."

"मग मला सांगायचं ना."

"फुकटच्या गाईचे दात कोण मोजतं, बाई? किती हौसेनं आणलेस तू."

बाईनं शिवणआजीला पलंगाशेजारी उभं केलं. पलंग थेट कमरेला. तेव्हा कुठं बाईच्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्याचा पलंग उंच का, तर नर्सला वाकायला लागू नये म्हणून. बावीस वर्षं ती शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मापानं पलंग करत होती. झोपणाऱ्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं. आणि इथं नर्स कुठली? ज्याचं त्यानं उतरायचं.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या केबिनमध्ये. "पलंगांचे पाय कापायचेत."

"नव्या कोऱ्या पलंगांचे? लोक म्हणतील, कंपनीनं मोडका माल खपवला."

"एक आजी पडली, साहेब. दुसरी पडायची वाट बघायची का?"

"आश्रमाकडून तक्रार आलीय?"

"येणारच नाही. म्हणून तर तुम्ही चला."

साहेब नाही म्हणाले. बाई दारातच उभी राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, बाई हलेना. शेवटी साहेबांनी हात टेकले.

साहेब ताडमाड उंच. कामगार त्यांच्या पाठीमागं त्यांना शिडी म्हणायचे. आश्रमात येऊन ते पलंगावर बसले, पाय सोडले. "टेकतात की."

बाईनं कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांनी शिवणआजीला विचारलं, "कसा आहे पलंग?"

"छान आहे हो. देव तुमचं भलं करो."

साहेबांनी बाईकडं बघितलं. झालं समाधान?

बाई आजीच्या पुढ्यात खाली बसली. "आजी, हा पलंग माझ्या हातचा. सगळे सांधे माझे. मला वाटलं, केवढं पुण्य केलं. तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. चुकलं माझं. आता साहेबांसमोर याला नावं ठेवा."

आजीनं साहेबांकडं बघितलं, मग गळ्यात हात अडकवलेल्या मैत्रिणीकडं.

"उतरायची भीती वाटते, साहेब. आम्ही आपल्या खालीच झोपतो. तुमच्याकडचं कुणी येणार कळलं की वर चढून बसतो."

साहेब उठले. मग म्हणाले, "किती कापायचे?"

"मला काय विचारता? सोळा आज्या, प्रत्येकीचा गुडघा वेगळा. हे घ्या, टेप धरा."

आणि साहेबांनी धरली. फरशीवर बसून एकेकीच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. शिवणआजी म्हणाली, "हळू हो, गुदगुल्या होतात," तेव्हा बिचारे कानापर्यंत लाल झाले.

आता कारखाना सुटला की बाई लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन तिकडंच जाते. अकरा पलंग झालेत, पाच राहिलेत. पलंग आडवा करून धरायला माणूस लागतो. साहेब दोनदा आले, पण त्यांची कंबर धरली. तेव्हा या रविवारी तुम्ही या. फोटो काढू नका. आणि पलंग कसा झाला असं आज्यांना विचारू नका, छानच म्हणतील. एकदा उतरून दाखवा म्हणा, आणि गप उभं राहून बघा.