बटण फिरवलं गेलं

कंपनीतल्या निम्म्या वैमानिकांना ज्यांनी शिकवलं, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर कधी ओरडले नाहीत, कुणाला टोचून बोलले नाहीत, आणि नापास झालेल्याला स्वतः चहा आणून देत. अशा माणसावर संशय घ्यायचा तर आधी आपलीच आपल्याला लाज वाटते. टाचणीलाही वाटली, आणि तिथेच ती फसली.

टाचणी म्हणजे त्या दिवशीची उपवैमानिक. अंगकाठी किडकिडीत आणि जीभ टोकदार, म्हणून हे नाव. दहा वर्षं उजव्या खुर्चीत झिजल्यावर महिनाभरात तिला डावी खुर्ची, म्हणजे कॅप्टनपद, मिळायचं होतं. कागद वरपर्यंत पोचले होते.

सकाळचं उड्डाण होतं. विमान टाचणी चालवत होती, मास्तर रेडिओ सांभाळत होते. अकरा हजार फुटांवर थांबा, असं नियंत्रकाने सांगितलं. टाचणीने उंचीचं बटण फिरवून वरच्या छोट्या खिडकीत अकरा हजार आणले आणि ऑटोपायलट इमानेइतबारे चढू लागला. ठरलेली उंची जवळ आली की तो आपणहून चढण कमी करतो आणि त्या आकड्यावर अलगद स्थिरावतो. तो स्थिरावत असताना बटणाला हात लावायचा नसतो. हे मास्तरांनीच शेकडो पोरांच्या डोक्यात भरवलेलं. पण मास्तरांना एक खोड होती. आपण कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघतो ना, तसं ते खात्रीसाठी बटण एक खाच पुढे आणि एक खाच मागे फिरवत. नेमका तेव्हाच त्यांनी हात लांब केला. टक, टक.

खिडकीत पुन्हा अकरा हजारच होते. पण पहिल्या टक्‌लाच ऑटोपायलटने थांबायचा बेत सोडला होता आणि तो आहे त्याच वेगाने चढत सुटला होता. समोरच्या पडद्यावर बारीक अक्षरांत तसा शब्दही बदलला होता. टाचणीने आकडा पाहिला, शब्द पाहिला नाही. ही चूक तिची, आणि तिने ती कधीच नाकारली नाही. तेवढ्यात विमानाने अकरा हजार ओलांडले. मागे पडलेल्या आकड्याशी ऑटोपायलटला आता काही देणंघेणं नव्हतं.

"मास्तर, हे थांबत नाहीये!"

"अगं, अकराच तर लावलेत."

अकरा हजार सातशेला धोक्याचं यंत्र 'खाली या, खाली या' म्हणून किंचाळलं. टाचणीने ऑटोपायलट बंद करून नाक खाली दाबलं. डोक्यावरून दुसरं विमान गेलं, इतकं जवळून की त्याच्या पोटावरचे तेलाचे डाग दिसले.

उतरल्यावर ती रिपोर्टचा कोरा कागद घेऊन बसली. मास्तर म्हणाले, "तू पाणी पी, बाळा. रिपोर्ट मी लिहितो." तिला भरून आलं. या वयात सगळं अंगावर घेतायत बिचारे! पाच मिनिटांत त्यांनी कागद पुढे केला. "वाचून घे हं."

"तुम्ही लिहिलंय, मास्तर. मी काय वाचायचं त्यात?" आणि तिने सही ठोकली.

तिचे बाबा विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचून काढणारे. त्यांच्या पोटी हे रत्न.

आठ दिवसांनी चौकशीच्या खोलीत अधिकाऱ्याने कागद वाचून दाखवला. 'विमान स्थिरावत असताना बटण फिरवलं गेलं.' बस. फिरवलं गेलं! जणू वारा आला आणि फिरवून गेला.

"ऑटोपायलट चालू असताना बटण विमान चालवणाऱ्याचं," अधिकारी म्हणाला. "चालवत कोण होतं?"

"मी. पण बटण मास्तरांनी फिरवलं."

"मग हे त्याच दिवशी का लिहिलं नाहीत?"

"मला वाटलं, त्यांनी लिहिलंय."

"खाली सही तुमचीच ना?"

तिचीच होती. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारा डबा दोन तासांनी जुनं पुसतो, आणि त्या गडबडीनंतरचा प्रवास साडेतीन तासांचा होता. बटण फिरल्याची नोंद यंत्राकडे होती, हात कुणाचा ते यंत्राला कळत नाही. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "नक्की आठवत नाही. पण पोर गुणी आहे, तिला सांभाळून घ्या." त्या एका दयेने तिचा निकाल लागला. केसाने गळा कापतात तो हा असा, वर पाठीवरून हात फिरवून.

"वाचलं नाहीस?" फोनवर बाबांनी एवढंच विचारलं.

"मास्तर होते हो, बाबा."

कॅप्टनपद अडकलं. सहा महिन्यांनी फेरप्रशिक्षण, त्यात पास झाली तर पुन्हा विचार. आणि ते देणार कोण, तर कंपनीचे सर्वांत अनुभवी प्रशिक्षक. मास्तर.

खोट्या कॉकपिटमध्ये तीन दिवस ती मान खाली घालून उडत राहिली. एकही चूक काढायला जागा ठेवली नाही. शेवटच्या दिवशी मास्तरांनी फॉर्म मांडीवर घेतला. सगळ्या चौकोनांत खुणा झाल्या होत्या, शेवटचा मोकळा होता. 'प्रशिक्षणार्थीने आपली चूक स्वतःच्या शब्दांत सांगितली.'

"बोल, बाळा. त्या दिवशी काय झालं?"

टाचणीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओशाळेपणा शोधला, भीती शोधली, निदान डोळे चुकवतील म्हणून वाट पाहिली. ते पेन धरून प्रेमाने बघत होते. तिला त्यांचा संताप आला, त्याहून स्वतःचा आला, कारण उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. या वेळी नाही म्हटलं तर डावी खुर्ची जन्मात मिळणार नव्हती.

"मी फिरवलं बटण, मास्तर. मी."

त्यांनी खूण केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आवाजात खोटेपणा औषधालाही नव्हता.

"बघ," ते म्हणाले, "मलाही तसंच आठवत होतं."